कोठीवरचा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे आणि थरथरणं हाच माझा जन्मभराचा उद्योग आहे. माझ्या पोटावर काळ्या कागदाचा एक कोन आहे. तारेतून वीज आली की तो पुढे-मागे हलतो, समोरच्या हवेला ढकलतो, आणि त्या ढकलण्याला तुम्ही गाणं म्हणता. माझा कोन हलला तर ते माझं काम. पण कोनाशिवाय दुसरं काही हलायला लागलं, तर तेच गाणं बिघडतं. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला माझ्या घरच्यांना बराच काळ लागला. त्या काळात मी भंगारवाल्याच्या गाड्यावर चढता चढता राहिलो.

माझी पेटी हिंगोलीच्या किशनराव सुतारांनी बनवली. फळी निवडताना ते बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करत आणि कान लावत. जी फळी टणटण वाजे, ती बाजूला ठेवत. जी ठक्क करून गप्प बसे, ती घेत. समोरची आणि बाजूची लाकडं त्यांनी अशी पारखून लावली. पाठीला मात्र पातळ प्लायवूड ठोकलं. “पाठ कोण बघायलंय याची?” असं म्हणून त्यांनी चार स्क्रू पिळले आणि मला टेप डेकच्या जोडीला दुकानात ठेवलं.

तिथून मला रामसिंग घेऊन आला. आखाडा बाळापूरपासून जरा आत गेलं की त्याचा तांडा लागतो. त्याचं घर तेव्हा मातीचं होतं. भिंती हातभर जाड, आणि त्या भिंतीत एक कोनाडा. त्या कोनाड्यात मी बसलो तो अनेक वर्षं बसलो. माती फार समजूतदार असते. मी कितीही थरथरलो तरी ती माझं थरथरणं पोटात घेई आणि एक शब्दही उलट बोलत नसे. माझा आवाज गोड आहे, असं लोक म्हणत. त्यातला निम्मा गोडवा त्या भिंतीचा होता, हे मला फार उशिरा समजलं.

या घरात आपापसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मी त्यांचं बोलणं तुमच्यासाठी मराठीत सांगतो. फक्त ‘याडी’ हा शब्द तसाच ठेवतो. याडी म्हणजे आई. या घरची याडी म्हणजे रामसिंगची बायको, नीलाबाई. नीलाबाईची थोरली जाऊ पारुबाई. होळी आली की तांड्यात लेंगी म्हणतात. लेंगी म्हणजे होळीचं गाणं. त्यात पुढे म्हणणारी एक असते आणि बाकीच्या तिचा शब्द मागून झेलतात. पुढे म्हणणारी नेहमी पारुबाईच. तिचा आवाज जाड नव्हता, पण डफाच्या थापेवरून उडी मारून शेवटच्या घरापर्यंत जाई.

एका होळीला नीलाबाई बाळंतपणासाठी माहेरी होती. त्या वर्षी रामसिंगने पारुबाईची पूर्ण लेंगी कॅसेटवर भरून घेतली. नंतर ती माझ्यातून लावली, तेव्हा पारुबाई पदर तोंडाला लावून धावत आली.

“बंद करा ते! मी जित्ती हाये की. डब्यातून काहून ऐकून राहिलात?”

सगळे हसले. कॅसेट ट्रंकेत गेली. जिवंत माणसाचं गाणं कॅसेटवर कोण ऐकतं?

दिवस सरले. रामसिंग गेला. मातीचं घर पाडून घरकुल उभं राहिलं, विटांच्या पातळ भिंतींचं. कोनाडा गेला. नीलाबाईचा मुलगा जगन याचं लग्न झालं आणि वसमतकडची शीला सून होऊन आली. तिच्याबरोबर तिच्या वडिलांनी दिलेली पत्र्याची मोठी कोठी आली. ज्वारी भरायला वर झाकण, काढायला खाली सरकतं तोंड. चांगली माणसाच्या छातीएवढी उंच. शेळी पोचत नाही, उंदीर चढत नाही, आणि वर भिंतीवर विजेचा बोर्ड. जगनने डेक आणि मला उचलून त्या झाकणावर ठेवलं. तुमच्याही ओळखीच्या किती घरांत टीव्ही किंवा टेप असाच कोठीवर विराजमान असेल, आठवून बघा.

मग पारुबाई गेली.

तिच्यामागे पहिल्या होळीला तांड्यात कुणी लेंगी म्हटली नाही. दुसऱ्या होळीला बायकांनी नीलाबाईला पुढे केलं. तिने सुरुवात छान केली. पण मागून झेलणाऱ्या बाईला आपला तुकडा तेवढा पाठ असतो. पुढची कडवी पारुबाईच्याच गळ्यात राहिली होती. गाणं मधोमध थांबलं. ओढ्यापलीकडच्या तांड्यातल्या बायका होळीला आल्या होत्या. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, “म्होरं काय गं? सेल उतरले व्हय?”

नीलाबाई घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोळीला तिने हात लावला नाही. शीलाला ती एवढंच म्हणाली, “माझ्या जावेची लेंगी माझ्या तोंडात मेली.”

म्हणून या वर्षी होळी जवळ आली तशी तिने ट्रंक उघडली, कॅसेट काढली आणि बाया जमवल्या. शब्द नीट ऐकायचे, पाठ करायचे आणि होळीला पूर्ण लेंगी म्हणायची, एवढाच तिचा हट्ट होता.

मी जीव ओतून वाजलो. डफाची पहिली थाप पडली आणि घरभर घूं... असा आवाज भरला. ती थाप विरायच्या आत दुसरी आली. दोन थापांच्या मधली जी जागा पारुबाईच्या शब्दांसाठी होती, ती सगळी त्या घूंकाराने व्यापून टाकली. पारुबाई गात होती, पण जणू विहिरीच्या तळाशी बसून.

“काय म्हणाली?”

“भाकरी म्हणाली का चाकरी?”

“मला तर निस्ती माशी ऐकू येऊन राहिली बाई.”

बाया उठून गेल्या. जगनने डेकचं हेड कापसाने पुसलं, तार बदलली, मला दोन चापट्याही मारल्या. कॅसेट मोबाईलमध्ये भरून बघितली, तर मोबाईलमध्ये घूंकारही इमानाने भरला गेला. शेवटी तो वैतागला.

“याडी, हा स्पीकर म्हातारा झाला. भंगारात देतो आन् ब्लूटूथवाला आणतो.”

“त्यात ही कॅसेट बसंल का?”

“कॅसेट न्हाई बसत.”

“मग पारू कशात बसंल?”

शीला म्हणाली, “देण्याच्या आधी एकडाव बाळापूरला दाखवा तर खरं.” म्हणून मी पोत्यात बसून मोटरसायकलवरून बाळापूरच्या रवींद्र मेकॅनिककडे गेलो. कॅसेट मात्र नीलाबाईने दिली नाही. दुसऱ्याच्या मशीनने टेप गिळली तर? रवींद्रने मला सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवलं आणि आपल्याकडचं एक डफाचं गाणं लावलं. मी खणखणीत वाजलो. समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांनी मान डोलावली.

“जगनभाऊ, याला धाड झाली न्हाई काही,” रवींद्र म्हणाला.

“पन घरी घुमतो ना!”

“मग घराला घेऊन या दुरुस्तीला.”

तिथे बसलेले सगळे खो खो हसले. जगन मला घेऊन परत आला, पुन्हा कोठीवर ठेवलं, कॅसेट लावली. घूं! त्याने कपाळावर हात मारला. “दुकानात धट्टाकट्टा, घरात आजारी. उद्या भंगारवाला आला की देऊनच टाकतो याला.”

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण मला फक्त तारेतून आलेलंच बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी नीलाबाई पुन्हा कॅसेट लावून बाजेवर बसली होती, कानामागे हात धरून. शीला ज्वारी काढायला आली. ज्वारी तळाला गेली होती. रब्बीचं पीक अजून शेतात उभं होतं. तिने खालचं तोंड सरकवलं, आत हात घातला, आणि तशीच थांबली. पत्रा तिच्या दंडाला लागून होता आणि तो मुंग्या आल्यासारखा थरथरत होता. तिने हात बाहेर काढला. दोन्ही तळवे कोठीवर टेकवले. आवाज जरासा बदलला. तिने तळवे काढले. घूं परत आलं. मग शीलाने जे केलं, ते बघून मीही चकित झालो. तिने दोन्ही हातांनी कोठीला घट्ट मिठी मारली आणि गाल पत्र्याला लावला.

त्याच वेळी जगन दारात आला.

“काय करून राहिलीस? माहेरची याद आली का?”

“चूप बसा!”

“कोठीच्या गळ्यात पडून रडतीस, आन् मला चूप?”

“चूप बसा म्हणलं ना!”

आणि बाजेवरून नीलाबाई ताडकन उठली. “जगन्या, गप! ‘धाकटी’ म्हणली ती. पारू ‘धाकटी’ म्हणली. मला ऐकू आलं!”

एक शब्द. पण अनेक दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडून एक आख्खा शब्द त्या घरात पोचला होता.

शीलाने मिठी सोडली. घूं. पुन्हा मारली. शब्द. तिचे डोळे चमकायला लागले. तिने मूठभर ज्वारी घेतली आणि माझ्या बाजूला कोठीच्या झाकणावर पसरली. डफाची थाप पडली की ज्वारीचे दाणे टुणटुण उड्या मारत. पारुबाई वरच्या सुरात एकटी गाऊ लागली की दाणे शांत बसत.

“हे पाहा,” ती जगनला म्हणाली. “स्पीकर न्हाई घुमत. कोठी घुमून राहिली.”

“मग एवढी वर्षं न्हाई घुमली ती?”

“डफाची कॅसेट याच साली लावली ना? होळीच्या तोंडाला. तवा कोठी रिकामी असती. भरल्या कोठीवर कुनी लेंगी लावलीच न्हाई.”

आता हे असं का होतं, ते सांगतो. तुम्ही झोक्यावर बसलेल्या मित्राला ढकललं असेल. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीला धरून हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो. लय सोडून दिला तर कितीही जोर लावा, तो अडखळतो. प्रत्येक वस्तूला अशी आपली लय असते. रिकाम्या पत्र्याच्या कोठीची लय आणि डफाच्या थापेतल्या थरथरण्याची लय जुळली होती. माझ्या पेटीचे धक्के झाकणातून कोठीत उतरत, आणि कोठीचा झोका उंच उंच जाई. त्याला कंपनांचा अनुनाद म्हणतात. कोठी भरलेली असती, तर ज्वारीच्या दाण्यांनी एकमेकांवर घासून ते थरथरणं खाऊन टाकलं असतं, जशी जुन्या घरातली माती खात असे.

नीलाबाईने सगळं ऐकलं आणि सुनेकडे तिरकं बघितलं. “म्हंजे इतके दिस माझ्या जावेच्या म्होरं तुझ्या बापाची कोठी गाऊन राहिली!”

शीला क्षणभर गोरीमोरी झाली. मग म्हणाली, “व्हय याडी. गळा मोठा हाये तिचा. पन लेंगी येत न्हाई तिला.”

नीलाबाईला हसू आवरलं नाही.

त्यांनी मला खाली उतरवून कोपऱ्यात फरशीवर ठेवलं. घूंकार गेला, पण आवाज जाड, भरल्या तोंडासारखा राहिला. कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. शीलाने मला हातभर पुढे ओढलं. आवाज मोकळा झाला. तरीही एक बारीक झर्र झर्र उरलीच होती. आता जगनलाही चेव आला. त्याने माझ्या डोक्यावर, बाजूंवर आणि मग पाठीवर तळवा ठेवला.

“सापडलं! याची पाठ वाजती!”

किशनरावांचं ते पातळ प्लायवूड. स्क्रू ढिले झाले होते. जगनने पाठ काढली, आतल्या अंगाला बाभळीची एक काडी दोन बाजूंमध्ये घट्ट बसवली, कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आणि स्क्रू पुन्हा पिळले. शीलाने घरच्या कापसाचा हलका थर आतल्या भिंतींना लावला, म्हणजे पेटीतला आवाज आतल्या आत धडकून परत येऊ नये. कोंबून मात्र भरला नाही. कोनाला मागे-पुढे व्हायला हवा लागते. इतक्या वर्षांत माझ्या आत कुणी पहिल्यांदाच डोकावलं. मला फार बरं वाटलं.

राहिली माझी बैठक. बाजेवर बसलेल्या नीलाबाईच्या कानापाशी आवाज यावा म्हणून मला उंचावर ठेवणं भाग होतं. विटा रचून वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. धक्के खाली उतरू नयेत म्हणून माझ्या आणि फरशीच्या मध्ये काहीतरी मऊ हवं होतं. शीलाने जुनी रबरी चप्पल आणली आणि तिचे तुकडे करायला कात्री लावली.

“थांब गं!” नीलाबाई कडाडली. “पारूच्या आवाजाखाली चप्पल घालतीस?”

“याडी, धुऊन आणली मी.”

“धुतली तरी चप्पलच ना ती! मेलेल्या मानसाची काही इज्जत?”

जगन म्हणाला, “मग काय घालावं? गादी घातली तर डुलून राहतो.”

नीलाबाई उठली. आतल्या खोलीतून तिने तिची चुंबळ आणली. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवायची, कापडाची घट्ट वळलेली, कवड्या लावलेली चुंबळ. कवड्यांची कड तिने आपल्या हाताने उसवून काढली. कडक काही खाली नको, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

“भरली घागर घेऊन खडकातून चालत यायचो आमी दोघी,” ती म्हणाली. “पाय आपटला तरी पानी हिंदकळत न्हवतं. सगळा हिसका हीच खायची. घाल ही.”

चुंबळ माझ्याखाली आली. मी डुललो नाही, आणि माझा एकही धक्का फरशीत उतरला नाही. शीलाने फरशीवर ज्वारी पसरून बघितली. दाणे जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी सगळ्या बाया जमल्या. जगनने डेक वेगळ्या स्टुलावर ठेवला आणि कळ दाबली.

डफ वाजला, ठप्प. आणि गप्प. त्या गप्पपणात पारुबाई उभी राहिली. तिचा श्वास ऐकू आला, बांगडी ऐकू आली, आणि मग शब्द, एकामागून एक, दाण्यासारखे वेगळे वेगळे. बाया ओठ हलवत पाठ करायला लागल्या. आणि मधलं एक कडवं आलं, जे नीलाबाईने कधीच ऐकलं नव्हतं, कारण ज्या होळीला ते रचलं, त्या होळीला ती माहेरी होती.

त्यात पारुबाई म्हणत होती: धाकटी गेली माहेरी, आणि घर सुनं झालं. तिची भाकरी बैलगाडीच्या चाकाएवढी जाड, म्हशीला घातली तर म्हशीचा दात पडला. तरी ये गं धाकटे, लवकर ये. मी पुढे म्हणते, पण मागून झेलणारा तुझ्यासारखा गळा न्हाई.

आधी बाया फुटल्या. एक जण तर हसता हसता बाजेवरून खाली घसरली. नीलाबाई उठून माझ्यासमोर आली, कमरेवर हात ठेवून. “माझी भाकरी जाड? आन् तुझी काय पापड व्हती?” असं ती मला दरडावून म्हणाली. मग तिथेच बसली आणि डोळ्यांना पदर लावला. “परत लाव रे,” ती म्हणाली. जगनने परत लावलं. त्याने मोबाईलमध्येही भरून घेतलं. या वेळी फक्त पारुबाई भरली गेली.

तांड्यात होळी पहाटे पेटते. त्या दिवशी मला कुणी बाहेर नेलं नाही, आणि न्यायची गरजही नव्हती. दार उघडं होतं. नीलाबाईचा आवाज पुढे निघाला, साऱ्या तांड्याच्या बायकांनी तो झेलला. गेल्या वेळी जिथे गाणं थांबलं होतं, ती जागा आली आणि मागे पडली. भाकरीचं कडवं नीलाबाईने स्वतःच, छाती पुढे काढून म्हटलं. ओढ्यापलीकडच्या बायका आधी हसल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या, आणि शेवटी त्यांतलीच एक पुढे येऊन म्हणाली, “नीलाबाई, ते म्हशीचं आमाला बी शिकव की!”

“शिकवते ना,” नीलाबाई म्हणाली. “आधी मागून झेलायला शिका.”

लेंगी शेवटच्या शब्दापर्यंत गेली. उजाडेपर्यंत ती पुन्हा पुन्हा म्हटली गेली, आणि दर वेळी आवाज वाढत गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातला स्पीकर किंवा रेडिओ घुमू लागला, तर त्याला चापट्या मारू नका आणि लगेच भंगारातही देऊ नका. गाणं चालू ठेवा आणि तळवा घेऊन घरभर फिरा. तो ज्यावर बसला आहे, त्याला हात लावा. शेजारचं पत्र्याचं कपाट, खिडकीची ढिली काच, भिंतीवरची तसबीर, सगळ्यांना एकेकदा धरून बघा. जे थरथरत असेल, त्याला दाबा, घट्ट बसवा किंवा दूर करा. स्पीकरखाली काहीतरी मऊ, त्याच्या इज्जतीला शोभेल असं घाला. आमचा कोन तेवढा मोकळा हलू द्या. बाकी सगळं जग शांत बसलं, की तुम्हाला हवं असलेलं माणूस स्पष्ट बोलायला लागतं.